माग आणि शीव

धर्मशास्त्रकारांनीं परद्रव्यहरणाचे दोन प्रकार स्वच्छ निराळे सांगितले आहेत. धन्याच्या पाठीमागें, त्याच्या नकळत केलेलें तें स्तेय. आणि धन्याच्या डोळ्यांदेखत, बळजबरीनें केलेलें तें साहस. शाळेंत हा भेद शिकवितांना स्तेयासाठीं आम्ही 'मृच्छकटिका'चें उदाहरण घेत असूं. त्यांतला शर्विलक सारें घर झोंपलें असतां भिंतीला खिंडार पाडतो. मापाची दोरी विसरली म्हणून गळ्यांतल्या यज्ञोपवीतानेंच माप घेतो, आणि वर त्या यज्ञोपवीताचे गुणही गातो. मुलें पोट धरून हंसत. साहसाचें उदाहरण मात्र तितकें चटकन हातीं लागत नसे. तें आम्हांस उतारवयांत, आणि तेंही परदेशीं, सांपडलें.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत वॉशिंग्टन शहराच्या उत्तरेस, मेरिलँड राज्यांतील माँट्गमरी काउंटीच्या एका उपनगरांत राहतात. २०२३ च्या उत्तरार्धांत आम्ही उभयतां तेथें होतों. टापटिपीचीं घरें, पुढें हिरवळ, आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर चिटपाखरूंही नाहीं. अशा शांत वस्तींत घरोघरीं एकाच विषयाची चर्चा चाले. 'कारजॅकिंग' म्हणजे मालकाला धाकानें गाडींतून उतरवून त्याची गाडी पळविणें. हा शब्द १९९१ च्या सुमारास डेट्रॉइट शहरीं वृत्तपत्रांतून रूढ झाला. पुढल्याच वर्षीं मेरिलँडच्या एका उपनगरांत, मुलीला शाळेंत पोंचविण्यास निघालेल्या भारतीय वंशाच्या एका मातेचा अशाच दरोड्यांत अंत झाला आणि सारा देश हळहळला. त्याच वर्षीं, १९९२ मध्यें, या गुन्ह्याला तेथील मध्यवर्ती कायद्यांत स्वतंत्र स्थान मिळालें.

वॉशिंग्टन शहरांत २०१९ सालीं असे गुन्हे सुमारें दीडशें घडले होते; २०२३ सालीं ते साडेनऊशेंच्या वर गेले. चिरंजीव यंत्रविद्येंतले. त्यांनीं एक कारण आम्हांस समजावून दिलें. नव्या गाडीचें यंत्र तिच्या स्वतःच्या किल्लीची खूण पटल्यावांचून चालूच होत नाहीं. त्यामुळें तारा जुळवून उभी गाडी पळविणें दुर्घट झालें आहे. गाडी पाहिजे तर किल्ली पाहिजे, आणि किल्ली धन्याच्या खिशांत. कुलुपें शहाणीं झालीं, तसा चोराला धनी जागाच हवासा झाला! स्तेयाचें साहस बनलें तें असें. त्यांत २०२० ची महामारी आली. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, तोंड झांकून फिरणाऱ्याचा कोणाला संशय येईनासा झाला, आणि घरोघर अन्न पोंचविणारे चालक गाडी चालूच ठेवून दारापर्यंत धांवूं लागले.

मार्च २०२१ मध्यें वॉशिंग्टनांत असेंच अन्न पोंचविणारा, साठी उलटलेला एक पाकिस्तानी गृहस्थ आपली गाडी सोडवितांना प्राणास मुकला. गाडी हिसकावणाऱ्या दोघी मुली होत्या. एक तेरा वर्षांची, दुसरी पंधरा वर्षांची. ही हकीकत ऐकून आमचा घांस हातांतच राहिला. तो गृहस्थ आमच्या वयाचा. आणि त्या मुलींच्या वयाचीं मुलें तर आयुष्यभर आमच्यासमोर बाकांवर बसलीं. पुढें कळलें कीं, या गुन्ह्यांत शहरांत जे पकडले जातात त्यांत निम्म्याहून अधिक अठरा वर्षांखालचींच मुलें असतात.

घरांत यावरून रोज रात्रीं जेवतांना वाद. चिरंजीव म्हणत, "बाबा, येथें पोलीस वाढविल्याशिवाय आणि शिक्षा कडक केल्याशिवाय गत्यंतर नाहीं." तेरा वर्षांखालील मुलांवर बहुतेक गुन्ह्यांसाठीं खटला चालवूं नये असा कायदा मेरिलँडनें २०२२ सालीं केला होता, त्यावर त्यांचा मोठा रोष. (२०२४ मध्यें त्या कायद्याला पुन्हा मुरड घालण्यांत आली.) सूनबाईंचें म्हणणें निराळें. मे २०२० मध्यें मिनिआपोलिस शहरीं एका पोलिसाच्या गुडघ्याखालीं जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा जीव गेला, तें त्या विसरल्या नव्हत्या. "आपला नातू पंधरा वर्षांचा, सांवळा, उंच. थंडींत डोक्यावर टोपडें ओढून तो वाचनालयांतून घरीं येतो. अंधारांत एखाद्या उतावीळ शिपायाला तो कोण वाटेल, हें सांगा पाहूं," असें त्या म्हणत. यावर चिरंजीव गप्प होत. परंतु दुसऱ्या दिवशीं सूनबाई स्वतः रात्रीं उशिरां गाडी घेऊन येत, तेव्हां दारांत उभे राहून त्यांची वाट पाहणारेही चिरंजीवच! भय दोघांनाही होतें, आणि दोन्ही भयें खरीं होतीं.

घरचाच हा वाद सबंध प्रांताचा होता. माँट्गमरी काउंटीनें २०२१ सालीं शाळांतून पोलीस काढून घेतले, आणि २०२२ सालीं निराळें नांव देऊन, निराळ्या अटींवर, त्यांना पुन्हा शाळांशीं जोडलें. शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीनें २०२२ च्या सप्टेंबरांत, रात्रीं मुलांनीं बाहेर फिरूं नये हा जुनाच नियम कडकपणें पाळावयाचें ठरविलें. आम्हांस 'मृच्छकटिका'चा सहावा अंक आठवला. बंदिवासांतून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या गाडींत दडलेला असतो. वीरक आणि चंदनक हे दोघे रक्षक ती अडवितात. चंदनक आंत पाहून येतो. पण वीरकाचा त्यावर विश्वास बसत नाहीं, मी स्वतः पाहीन म्हणून तो हट्ट धरतो. गोष्ट हातघाईवर येते, आणि तेवढ्यांत गाडी निघून जाते! तेथें आंतला मनुष्य सज्जन होता म्हणून बरें झालें.

आमच्या मतें या वादांत एक जुनी गोष्ट विसरली गेली आहे. गांवाच्या हद्दींत चोरी झाली आणि चोराचा माग हद्दीबाहेर गेल्याचें दिसलें नाहीं, तर जबाबदारी गांवावर. आणि माग जेथें जाऊन पोंचेल त्या गांवानें भरपाई करावी, असें याज्ञवल्क्यस्मृतीचें सांगणें आहे. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांतही आपल्या दक्षिणेंतील गांवचा राखणदार चोराचा माग पुढल्या गांवच्या शिवेपर्यंत नेई आणि तेथील राखणदाराच्या हवालीं करी, असें वर्णन आहे. 'माग काढणें' हा शब्दप्रयोग आपण आजही करतों. या पद्धतींत दोष पुष्कळ होते. निरपराध गांवाला भुर्दंड बसे, आणि राखणदाराच्या जातीवरच चोरीचा आळ येई. पण तिच्यांत एक मर्म होतें. माग मध्येंच सोडतां येत नसे. तो आपल्या शिवेंतून गेला हें दाखवावयाचें, तर पुढल्याच्या हातीं द्यावा लागे.

आतां वॉशिंग्टनकडे पाहा. शहराची पोलीस वेगळी, मेरिलँडच्या प्रत्येक काउंटीची वेगळी, नदीपलीकडे व्हर्जिनियाची वेगळी. कायदे वेगळे, मुलांचीं न्यायालयें वेगळीं. शहरांत पळविलेली गाडी उपनगरांत टाकून दिलेली सांपडते. उपनगरवासी म्हणतो, ही घाण शहरांतून येते. शहरवासी म्हणतो, पोरें तुमच्याकडचीं. २०२५ च्या ऑगस्टांत गाडी हिसकावण्याच्या अशाच एका प्रसंगानंतर अध्यक्ष ट्रंप यांनीं शहराची पोलीस तीस दिवसांकरितां आपल्या अधिकाराखालीं घेतली आणि राजधानींत नॅशनल गार्डचे सैनिक आणले. वास्तविक २०२४ मध्येंच तेथले हे गुन्हे जवळजवळ निम्म्यावर आले होते. आणि त्या प्रसंगीं पकडलेलीं दोन पंधरा वर्षांचीं मुलें, एक मुलगा आणि एक मुलगी, राजधानींतलीं नव्हतींच. तीं मेरिलँडच्या उपनगरांतलीं होतीं. सैन्य शहरांत उभें राहिलें, आणि माग गेला होता शिवेपलीकडे!

हा माग पुढें नेला तर तो कोठें जातो? आमच्या अल्पबुद्धीप्रमाणें तो शाळेच्या हजेरीपटापाशीं जातो. वॉशिंग्टनच्या शाळांतून २०२२-२३ या वर्षीं शंभरांतलीं चाळिसांहून अधिक मुलें दहांतला एक दिवस किंवा त्याहूनही अधिक गैरहजर होतीं. गैरहजर मूल चोर होतें असें आम्ही म्हणत नाहीं. बहुतेक होत नाहींत. परंतु शिपायाच्या वहींत एखाद्याचें नांव चढण्यापूर्वीं तें मास्तरच्या पटावरून कित्येक दिवस पुसलें गेलेलें असतें, एवढें आम्ही अनुभवानें सांगूं शकतों. आमच्या शाळेंत सलग तिसऱ्या दिवशीं मुलगा आला नाहीं, तर आम्ही संध्याकाळीं त्याच्या घरीं जात असूं. पुष्कळदां ताप निघे, कधीं घरचें दारिद्र्य निघे, आणि क्वचित् असें कांहीं निघे कीं आणखी महिन्यानें गेलों असतों तर तें मूल हातचें गेलें असतें.

एके रात्रीं वाद ऐन रंगांत असतां नातू सहज म्हणाला, "आजोबा, आमच्या वर्गांतला एक मुलगा दिवाळीपासून आलाच नाहीं. कोणी विचारतही नाहीं." चिरंजीवांचा आणि सूनबाईंचा वाद तेथेंच थांबला. पुढल्या पालकसभेंत सूनबाईंनीं तो प्रश्न उभा केला. उत्तर आलें कीं, अशा मुलांच्या घरीं जाऊन चौकशी करण्याचें काम एका बाईंकडे आहे, आणि त्यांच्याकडची यादी संपण्यासारखी नाहीं.

ज्यानें कोणाच्या छातीवर शस्त्र रोखलें त्याला पकडलें पाहिजे, आणि त्यासाठीं पोलीस लागणारच. शिवेच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांशीं बोलणारे, आणि वस्तींतल्या मुलांना नांवानें ओळखणारे पोलीस. त्याविषयीं आमचा चिरंजीवांशीं वाद नाहीं. परंतु तेथील सभांतून जेव्हां जेव्हां पोलिसांना आणखी एक गाडी द्यावी कीं न द्यावी यावर मतें घेतलीं जातात, तेव्हां आपल्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें-सुना त्या उपनगरांतून राहतात, त्यांनीं त्यांना एवढें अवश्य सुचवावें कीं, आधीं त्या एकट्या बाईंना मदतनीस किती दिले तें विचारा. आमच्या सूनबाईंनीं तें विचारलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं. त्या दर सभेला विचारीत असतात.