गठ्ठ्यातला केसपेपर आणि पदवीची फी

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्यांचे भोंगे वाजायचे, त्या काळी हात भाजलेला कामगार ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहायचा. आतले कारकून आधी गाव विचारायचे. नुसतं ‘पाटील’ सांगून भागायचं नाही. येळ्ळूरचे की कडोलीचे, वडिलांचं नाव काय, हे कळलं की ते मागे वळायचे, फडताळातल्या गठ्ठ्याची दोरी सोडायचे आणि नेमका केसपेपर पुढे करायचे. बहुतेकांचं शिक्षण मॅट्रिक, फार तर बी.कॉम. काम शिकवलं ते वरच्या कारकुनांनी. खर्च काही नाही. ती माणसं मला आजही थोर वाटतात. पण ती निवृत्त झाली की निम्मं दप्तर मुकं व्हायचं, हेही खरं.

आता तोच भाजलेला हात संगणकात ‘टी २३’ होतो आणि तापलेल्या धातूने भाजला म्हणून शेजारी ‘एक्स १८’ लागतो. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतले कोड. कोड चुकला की विम्याचा दावा अडकू शकतो. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं, प्रत्येकाच्या आरोग्य-नोंदींसाठी ‘आभा’ क्रमांक आले. त्याच वर्षीच्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने आरोग्य-माहिती सांभाळणाऱ्यांनाही आपल्या यादीत घेतलं. जे काम हाताखाली शिकायचं, त्याला आता पदवी किंवा पदविका लागते.

म्हणूनच आज उद्यमबागेतले आईवडील विचारतात, पोराला कुठे घालू? मणिपालला आरोग्य-माहिती व्यवस्थापनाची पदवी आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेडिकल रेकॉर्ड सायन्सची. माझं मत सरळ आहे: ज्या कॉलेजाचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथल्या पदवीवरच पैसे घालावेत. भाड्याच्या हॉलमधल्या ‘कोडिंग’च्या सर्टिफिकेटला फी कमी दिसते, पण खरा केसपेपर न हाताळलेल्या पोराला नोकरीत पहिल्याच दिवशी घाम फुटतो. फीबरोबर होस्टेल, मेस आणि इंटर्नशिपचे महिनेही मोजा. त्या महिन्यांत विद्यावेतन मिळतं का, हे आधी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, तेही बघा. बेळगावात १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे, ‘बिम्स’ हे सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. लांबच्या होस्टेलचे पैसे भरण्याआधी इथे काय शिकता येतं त्याची चौकशी करा. पोर घरी राहिलं तर बराच खर्च वाचतो.

आणि ॲडव्हान्स भरण्याआधी पोराला घेऊन एकदा त्या कॉलेजाच्या हॉस्पिटलमधल्या रेकॉर्ड रूममध्ये जा. तिथे काम करणाऱ्यांना विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली.