जिथं उघडलंस, तिथंच हवा

सिग्नलला गाडी थांबली की मी एसीचा पंखा कमी करतो आणि इंजिन ऐकतो. ही सवय अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. रत्नागिरीच्या एस.टी. आगारात त्यांचं सगळं आयुष्य डिझेल इंजिनांवर गेलं. आगारात शिरलेली गाडी स्लोवर आली की पाठमोरे उभे असले तरी ते सांगायचे, ‘हिचा एक सिलिंडर मार खातोय.’ मी आयटीआय करून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालो आणि नोकरीनं मला सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य टोकाला, तांबड्या समुद्राकाठच्या जिझानला आणून सोडलं. इथंही सूर्य समुद्रातच बुडतो, आंबा पिकतो आणि बाजारात मोगऱ्याच्या माळा येतात. मोगऱ्याला इथले लोक ‘फुल’ म्हणतात. पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा घरचं कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं.

जिझानमध्ये गाडी सांभाळणं सोपं नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, समुद्राचा दमटपणा रात्रीही हटत नाही आणि जूनपासून धुळीचे वारे सुटतात. त्या दिवसांना इथं ‘गुबरा’ म्हणतात. पिठासारखी बारीक धूळ बॉनेटखाली कानाकोपऱ्यात जाऊन बसते आणि एअर फिल्टर पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. खाऱ्या हवेनं कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. सगळ्यात वाईट हाल रबराचे. वरून ऊन, खालून इंजिनाची धग. काही वर्षांत मऊ नळी वाळलेल्या शेंगेसारखी होते. दिसायला धड, वाकवली की कडकन मोडणारी.

एका जुलैत शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, इमारतीच्या आडोशाला मी गाडी उघडली. चार सिलिंडरची जुनी जपानी सेडान, दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. काम नेहमीचं होतं: एअर फिल्टर बदलायचा, चारही स्पार्क प्लग नवे घालायचे, थ्रॉटल बॉडीवर धरलेली काजळी काढायची. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग गरम असताना काढला तर त्याच्यासोबत आटेही जातात. नवे प्लग आधी बोटांनी आट्यांत बसवले, मग टॉर्क पान्यानं आवळले. हात नीट पोचावा म्हणून हेडवरची पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातले वायू परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये नेणारी, नळी काढून बाजूला केली होती, ती परत लावली. पाने पुसून पेटीत ठेवले आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं, पण सुरात नव्हतं. आरपीएमचा काटा ५०० वर उतरायचा, ९०० वर चढायचा, पुन्हा खाली यायचा. एसी लावला की स्टिअरिंग थरथरायचं. रेस दिली की सगळं ठीक, पाय काढला की पुन्हा तेच हुंदके. सकाळी धड असलेली गाडी माझ्या हातून बिघडली होती.

इंजिनाची खरी परीक्षा वेगात होत नाही, स्लोवर होते. स्लोवर ते कुणाचंच ओझं ओढत नसतं, फक्त स्वतःला जिवंत ठेवत असतं. ७०० आरपीएमवर चार सिलिंडर मिळून मिनिटाला १४०० ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगीला जेमतेम चिमूटभर मिश्रण मिळतं. एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, हे त्याचं प्रमाण. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, तिच्या फटीतून येईल तेवढ्याच हवेवर गुजराण असते. हायवेवर इंजिन भरभरून श्वास घेत असताना लहानसहान चूक खपून जाते. स्लोवर ती लपत नाही.

पहिला संशय मी पेट्रोलवर घेतला, दुसरा नव्या प्लगवर. तिसरं कारण मला फार सोयीचं वाटलं. काजळी साठत जाते तसा गाडीचा कंप्युटर झडप थोडी जास्त उघडायला शिकतो. काजळी एकदम निघाली की तेवढ्याच फटीतून जास्त हवा येते आणि नवा अंदाज बांधेपर्यंत स्लो स्पीड वरखाली होतो. हे खरं आहे. थ्रॉटल साफ केल्यावर एकदोन फेऱ्या गाडी अशी वागू शकते. म्हणून मी बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली आणि दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला.

स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पण कोडवर माझं कधीच समाधान होत नाही. दुखतंय कुठे एवढंच तो सांगतो, का दुखतंय ते आकडे सांगतात. स्लोवर फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के होता. कंप्युटर नेहमीपेक्षा तेवढं जास्त पेट्रोल ओतत होता. रेस देऊन २५०० वर धरलं, तर तोच आकडा अधिक ५ वर आला.

या दोन आकड्यांत सगळी गोष्ट आहे. एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली तापलेली तार येणाऱ्या हवेनं जितकी निवते, तितकी हवा आत गेली असं कंप्युटर धरतो. त्याच्या पुढं कुठं भोक असेल तर तिथून शिरणारी हवा मोजली जात नाही. स्लोवर एकूण हवाच थोडी, म्हणून ही चोरटी हवा मोठा घोटाळा करते. वेगात तीच किरकोळ ठरते. ट्रिम उलटा वागला असता, म्हणजे वेग वाढेल तसा चढत गेला असता, तर मी गाडीतला फ्युएल पंप किंवा मळलेला सेन्सर बघितला असता. आणि थ्रॉटल साफ केल्यानं जास्त येणारी हवा तर सेन्सरमधूनच मोजून येते, तिनं ट्रिम हलत नाही. माझं सोयीचं कारण तिथंच खोटं पडलं.

हवा कुठून तरी शिरत होती. तरीही मी काय शोधलं? इनटेक मॅनिफोल्डचं गॅसकेट तपासलं, ब्रेक बूस्टरची नळी चिमटून बघितली. दोन्हींना मी त्या शुक्रवारी हातही लावला नव्हता. ज्या जागी माझे हात फिरले होते, तिथं मी वरवर नजर टाकून पुढं जात होतो. ते काम माझं होतं, म्हणजे ते नीट असणार, असं मन धरून चाललं होतं.

तेव्हा अण्णा आठवले. डिझेल फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि गाडी झटके देत बंद पडते. मग बारीक स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहायचं, बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत. शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन मी आगारात जायचो आणि हे बघत उभा राहायचो. एकदा एका शिकाऊ पोरानं फिल्टर बदलला आणि गाडी चालेना. तो पंपाला हात घालणार तोच अण्णांनी त्याला थांबवलं. म्हणाले, ‘पंप कशाला खोलतोस? जिथं उघडलंस, तिथंच हवा.’ फिल्टरखालचं वायसर तिरकं बसलं होतं.

अण्णांचं इंजिन डिझेलचं, माझं पेट्रोलचं. त्यांची हवा इंधनाच्या नळीत, माझी मॅनिफोल्डमध्ये. नियम तोच. मी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक त्या शुक्रवारी हात लागलेल्या जागांवरून ओळीनं फिरवलं. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही दूर ठेवून. फिल्टरचा डबा, मोठ्या नळीचा क्लॅम्प, थ्रॉटलचं गॅसकेट, सगळं गप्प. पीसीव्हीच्या नळीच्या वळणाखाली आलो आणि साप फुत्कारावा तसा आवाज कानात शिरला. बोट फिरवलं, चीर लागली. बोटानं ती दाबताच इंजिन शांत झालं. काटा ७०० वर थांबला.

वाळलेली नळी मी बाजूला वाकवली तेव्हाच ती तडकली होती, आणि चीर खालच्या अंगाला गेल्यानं डोळ्यांना दिसली नव्हती. हात लावला असता तर तेव्हाच सापडली असती.

ती फुटकी नळी घेऊन मी सनाईयात गेलो. इथं प्रत्येक शहरात गॅरेजांची अशी वेगळी वस्ती असते. ओळखीचा म्हातारा येमेनी उस्ताद दुकानाच्या दारात बसला होता. त्यानं नळी हातात घेतली, चीर अंगठ्यानं उघडून बघितली आणि एकच शब्द बोलला, ‘हवा.’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आला, हे मी वाचलं होतं. त्या दिवशी एका अरबी मेकॅनिकच्या तोंडून तो मला अण्णांच्या अर्थानं ऐकू आला. त्यानं नव्या नळीबरोबर नवी क्लिप दिली, कारण जुनीची पकड गेली होती. संध्याकाळी नळी बसवली. दोन दिवसांनी ट्रिम अधिक ३ वर आला होता आणि दिवा पुन्हा लागला नाही.

घरी गाडीचं काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. उघडण्याआधी फोटो काढा. गाडी जुनी असेल तर प्रत्येक रबरी नळी काढताना ती कडक झाली आहे का ते बोटांनी बघा आणि संशय आला तर तेव्हाच बदला. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट पकडणारा स्प्रे मारू नका. कान आणि नळी पुरतात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथंच थांबवा, कारण सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं. आणि दुरुस्तीनंतर गाडी स्लोवर अडखळू लागली तर नवा पार्ट आणायला धावू नका, पेट्रोल पंपाला दोष देऊ नका. आपला हात जिथं जिथं लागला, त्या जागा त्याच क्रमानं पुन्हा हातानं तपासा. दोष बहुतेक वेळा तिथंच असतो.