चंद्री, फ्लोट व्हॉल्व्ह आणि मी

महाराष्ट्र दिन शुक्रवारी आला आणि लाँग वीकेंड पदरात पडला. टीममधली निम्मी मंडळी गोव्याला पळाली, मी मामाकडे. फलटणच्या अलीकडे मामांची थोडी शेती आहे आणि पाच घोड्या. मारवाडी, म्हणजे कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात त्या. "शेतीतनं घोड्यांचा खर्च निघत नाही आणि घोड्यांतनं शेतीचा," असं मामी म्हणते. असो.

तिथे पाणी बादलीने पाजतात. तात्या (पागेवरचे मोतद्दार, वय सत्तरीच्या पुढे) हौदातून १५ लिटरची बादली भरून एकेका घोडीसमोर धरतात. उन्हाळ्यात एका घोडीला दिवसाला तीन-चार बादल्या सहज लागतात. म्हणजे तात्यांच्या पंधरा-वीस खेपा! माझ्यातल्या इंजिनिअरला हे बघवेना. शुक्रवारी दिवसभर खपून टाकीपासून पाइप टाकला, प्रत्येक ठाणात एक टब आणि टबाला फ्लोट व्हॉल्व्ह. घोडी पाणी प्यायली की पातळी उतरणार, व्हॉल्व्ह उघडणार, टब आपोआप भरणार. चार घोड्या लगेच प्यायला लागल्या. मामा नुसतं "बरं" म्हणाले. तात्या काहीच बोलले नाहीत.

शनिवारी पहाटे पाचला उठलो. मे महिन्यात पागेची कामं दहाच्या आत उरकावी लागतात, नंतर ऊन तुम्हाला उरकतं. लीद काढणं माझ्याकडे होतं. शेवटच्या ठाणात, चंद्रीच्या, लीद अगदीच कमी होती. मला काय, तेवढंच काम वाचलं म्हणून मी खूश. मग खरारा. मग नालबंद आला. कानशीने खूर घासताना नखं कापल्यासारखा वास येतो आणि तो दिवसभर नाकातून जात नाही. हिरवा लसूणघास संपत आला होता, म्हणून कडब्याची कुट्टी केली. अकरा वाजता पत्र्यावर चढून शेडनेट बांधायला घेतलं, दोन्ही तळवे पोळून घेतले. जेवलो आणि आडवा झालो.

चारच्या सुमाराला तात्यांनी हाक मारली. चंद्री पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची, बसायची, परत उठायची. तात्यांनी तिच्या पोटाला कान लावला. "पोट बोलंना, दादा."

घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं, आणि पाणी कमी पडलं की कोरडा चारा आतड्यात अडकून बसतो. त्याला कॉलिक म्हणतात, आणि त्यात घोडा जाऊ शकतो. हे सगळं मी मोबाइलवर वाचलं, डॉक्टरांना फोन लावल्यानंतर. ते तालुक्याहून निघाले होते, दीड तास लागणार होता. तोवर समोरचा चारा काढून टाकायचा आणि ती लोळायला लागली तर हळूहळू फिरवायचं, एवढंच आमच्या हातात. मी दावं धरून फेऱ्या मारत होतो. घामाने तिची मान ओली झालेली.

डॉक्टर आले. नाडी ५६. शांत उभ्या घोड्याची साधारण २८ ते ४४ असते. त्यांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं, मग नाकातून लांब नळी पोटापर्यंत घातली आणि पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडलं. "पाणी कधी प्याली होती ही?" त्यांनी विचारलं.

कोणालाच सांगता येईना. पाणी तर चोवीस तास होतं ना!

तात्या मला पागेच्या भिंतीपाशी घेऊन गेले. तिथे कोळशाच्या रेघा होत्या, पाच ओळींत. मी त्या आधीही पाहिल्या होत्या, पण काय आहे ते विचारलं नव्हतं. एक रेघ म्हणजे एक बादली. गुरुवारी चंद्रीच्या चार. शुक्रवार सकाळची एक. पुढे भिंत कोरी.

नंतर मी तिच्या ठाणात उभा राहून पाहिलं. तिने टबाला तोंड लावलं. एक घोट, व्हॉल्व्ह उघडला, "फुस्स्स". ती दचकून थेट भिंतीला टेकली. बाकी चौघींना त्या आवाजाचं काही वाटलं नव्हतं. चौघींवर टेस्ट केलं होतं मी, पाचवीवर नाही.

मामांना सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तात्यांनी कालच सांगितलं होतं मला, की ही बिचकती. मीच म्हटलं, पोरगं एवढं खपलंय, राहू दे दोन दिवस." हे ऐकून जास्तच वाईट वाटलं.

रात्री आम्ही तिघं पागेतच बसलो. मामांच्या बिड्या, तात्यांची तंबाखू, माझा फोन. दर अर्ध्या तासाने तात्या कान लावायचे. पावणेदोनला ते हसले, म्हणजे आतून गुडगुड आली होती. अडीचला चंद्रीने शेपटी उचलली आणि लीद टाकली. आयुष्यात मी कशाकडे इतक्या प्रेमाने पाहिलं नसेल :-)

व्हॉल्व्ह चार ठाणांत ठेवलाय, चंद्रीचा काढला. रविवारी पहाटे तिची बादली मी भरली. ती अर्धी प्यायली, मान वर केली, मिशांवरून पाणी ठिबकत माझ्याकडे बघत राहिली, मग उरलेली संपवली. तात्यांनी कोळसा माझ्या हातात दिला.