ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर झड लागली होती. कोसाडच्या आमच्या घरात नात आणि मी, दोघेच. स्टेशन जवळ असल्याने गाडी गेली की बोलणारा आपोआप थांबतो. पण त्या दिवशी थांबण्यासारखे बोलणेच नव्हते. आबांना घोड्यांचे सिनेमे आवडतात, एवढे ठाऊक असल्याने नातीने मोबाइलवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला आणि स्वतःही शेजारी येऊन बसली.

सिनेमा १९३३ सालचा, ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’. नायक जॉन वेन. पुढे साऱ्या जगात गाजलेला हा नट तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता. गोष्ट पाण्याची. एक बडा माणूस पाणी अडवून शेतकऱ्यांना नाडतो आणि सरकारचा गुप्त माणूस त्याचा डाव उधळतो. आम्हां खानदेशी माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नवल वेगळेच होते. हा नायक गातो! घोड्यावर बसून, हातात गिटार घेऊन गातो आणि पिस्तुलाच्या झुंजीला निघाला तरी गातच निघतो.

मी रंगून पाहत होतो. तेवढ्यात नात म्हणाली, “आबा, आ अवाज एनो नथी.”

पोरीचा कान पक्का. आवाज त्याचा नव्हताच. वेनला गाणे येत नसे. ओठ त्याचे आणि गळा दुसऱ्याचा. दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांच्या मुलाचा, असे आता मानतात. लोक भेटले की गाणे म्हणायचा आग्रह करीत आणि आपली पंचाईत होई, असे वेन पुढे सांगत असे. त्याने तो नाद सोडला आणि १९३५ पासून जीन ऑट्री हा रेडिओवरचा खराखुरा गाणारा गडी त्या घोड्यावर बसला.

मला आमचे मास्टर विठ्ठल आठवले. मूकपटांच्या काळात तलवार आणि घोडा गाजवलेला हा मराठी नट. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. दिग्दर्शक अर्देशिर इराणी, नायिका आमच्या सुरतेत जन्मलेली झुबेदा आणि नायक विठ्ठल. पण उर्दू संवाद काही त्यांच्या जिभेवर बसेनात. म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीत पडलेला दाखवून वेळ मारून नेली, असे सांगतात. देशातला पहिला बोलपट, आणि त्याच्या नायकाला म्हणे फारसे बोलूच दिले नाही! आज त्या सिनेमाची एकही प्रत उरलेली नाही, तेव्हा ते थोडेसे बोलणेही गेले.

हे हसण्यावारी नेता आले असते, पण मला नेता येत नाही. माझे वडील नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात लागले. घरात अहिराणी, पाहुण्यांशी मराठी आणि मी शिकायला गुजराती शाळेत. माझ्या तोंडी ‘च’ आणि ‘ज’ मराठी वळणाचे निघत. एकदा बक्षीस समारंभाच्या प्रार्थनेत मला पुढच्या रांगेत उभे केले आणि बजावले, “तू नुसते ओठ हलव.” मी हलवले. टाळ्या पडल्या. घरी आईने विचारले, “काय गायलास?” तेव्हा मात्र मला सांगता येईना.

एवढे भोगलेला माणूस तरी शहाणा व्हावा! गेल्या वैशाखात नंदुरबारला लग्न होते. मांडवात एक म्हातारी उभी पाहून नातीने लगबगीने खुर्ची ओढली आणि म्हणाली, “आजी, इथे बेसा.” गुजरातीतले ‘बेसो’ आणि आपले ‘बसा’ यांची गाठ पडली होती. सारा मांडव हसला. ‘बेसा, बेसा’ करीत पोरांनी तिला दोन दिवस भंडावले. त्यात सगळ्यांत मोठ्याने कोण हसले असेल, तर मी. तेव्हापासून पोरगी माझ्याशी मराठीत एक शब्द बोलली नव्हती. गावाकडचा फोन आला की फोन हातात घेई, मान डोलावी आणि परत देई. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, हे काय तिला कळत नव्हते?

सिनेमा संपला. पाऊस चालूच होता. मोठी माणसे लहानांची माफी मागत नाहीत. तशी रीतच नाही आपल्याकडे. मी नुसते विचारले, “काय गं, लग्नात तू त्या आजींना खुर्ची दिलीस, तेव्हा त्या बसल्या का?”

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बसल्या ना.”

“मग तुझं मराठी त्यांना कळलं की!”

एक गाडी धडधडत गेली, तोवर आम्ही दोघे गप्प होतो. गाडी गेल्यावर मी चहाचे आधण ठेवायला उठलो, तर तिने माझा सदरा धरला.

“आबा, तुम्ही बेसा. मी करते.”

दुरुस्ती अगदी जिभेच्या टोकावर आली होती. ती गिळली आणि बेसलो.