मुक्या जिवाचे दप्तर

द्वारका, नाशिक
मार्गशीर्ष

चि. सौ. ताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुमच्या बोक्याच्या रक्तात आणि लघवीत साखर निघाली, डॉक्टरांनी दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचावयास सांगितले, आणि ते ऐकून तुझ्या सासूबाईंनी ‘मांजराला कुठे मधुमेह होतो का?’ असे विचारले, हा सारा मजकूर समजला. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर असे की, होतो. वय झालेल्या, अंगाने सुटलेल्या, नसबंदी झालेल्या आणि चार भिंतींच्या आतच वाढलेल्या बोक्यांना तर विशेषच होतो. शरीरात इन्सुलिन थोडेफार तयार होत असते, परंतु शरीर त्याचा हुकूम मानीनासे होते आणि कालांतराने ते निर्माण करणाऱ्या पेशीही थकतात. म्हणजे प्रौढ माणसांत सर्रास दिसणाऱ्या प्रकाराशीच या व्याधीची जातकुळी जुळते. खाजेसाठी किंवा दम्यासाठी दिलेली स्टेरॉइडे कधी तिला निमित्त होतात, तेव्हा मागे असे काही औषध दिले असल्यास डॉक्टरांच्या कानावर अवश्य घाल.

आमच्या मनीलाही हीच व्याधी जडली होती, हे तुला ठाऊक आहेच. पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होऊ लागले, तिच्या वाळूच्या घमेल्यात ओले गोळे मुठीएवढे पडू लागले आणि घमेल्याच्या काठाने मुंग्यांची रांग लागली, तेव्हा आम्हांला संशय आला. खाणे भरपूर असून पाठीचा कणा हाताला लागत होता. पुढे ती मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागली व खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारण्याऐवजी खालीच बसून वर पाहत राही. साखर फार काळ चढलेली राहिली म्हणजे मज्जातंतू दुबळे होतात आणि मांजराची ती डौलदार चाल अशी खाली बसते. उपचार लागू पडल्यावर बहुधा ती हळूहळू पूर्ववत होते, हे तुझ्या धीरासाठी लिहितो.

आता मुख्य गोष्ट. सारी उमर मामलेदार कचेरीत आवक-जावक लिहिण्यात घालविलेल्या माणसाला जगातील प्रत्येक दुखण्यावर वही हाच उपाय सुचावा, यात नवल नाही, असे तू म्हणशील. परंतु या एका दुखण्यापुरता माझा आग्रह खरा आहे. मांजर आपली व्यथा लपविणारा प्राणी. त्याची जबानी घेता येत नाही, डॉक्टरांपुढे ते पाव घटका असते, आणि तेवढ्या वेळात जो आकडा निघतो तो पुष्कळदा भीतीचा आकडा असतो. मनीला टोपलीत घालून रिक्षातून द्वारका चौक ओलांडावयाचा म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्याचे मालट्रक, पुणे रस्त्याच्या बसगाड्या आणि त्या सर्वांचे एकसमयावच्छेदेकरून वाजणारे भोंगे यांतून जावयाचे. दवाखान्याच्या टेबलावर पोचेपर्यंत तिच्या रक्तातील साखर केवळ भयाने चढलेली असे. मांजरांत ही चढ इतकी मोठी असते की निरोगी मांजरसुद्धा त्या क्षणी रोगी वाटावे. म्हणूनच सुज्ञ डॉक्टर एका आकड्यावर निवाडा देत नाहीत; लघवी तपासतात आणि मागील एकदोन आठवड्यांतील सरासरीचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करवितात. निदान ठरल्यावर मात्र खरा दाखला घरचाच, आणि तो लिहून ठेवणारा कारकून म्हणजे तू.

एक लांब वही घे आणि तिच्यात रकाने आख: वेळ, खाल्ले किती, पाणी किती, लघवीचे गोळे किती, साखरेचा आकडा, इन्सुलिनची मात्रा, टोचले कोणी, आणि शेवटी शेरा. वजन आठवड्यातून एकदा. स्वतः काट्यावर उभी राहा, मग त्याला उचलून पुन्हा उभी राहा आणि वजाबाकी कर.

साखर घरी यंत्रावर पाहता येते. बोका झोपेच्या गुंगीत असताना कानाची कड कोमट पाण्यात भिजविलेल्या बोळ्याने शेकावी, म्हणजे कडेने गेलेली बारीक शीर फुगते. मागे कापसाचा आधार धरून सुई हलकेच टोचावी आणि वर आलेला मोहरीएवढा थेंब पट्टीच्या टोकाला टेकवावा. लगेच खाऊ द्यावा. दोनचार दिवसांत कान पुढे करण्यात त्याचाही फायदा आहे हे त्याला उमगते. माणसांचे यंत्र मांजराची साखर काहीशी कमी दाखविण्याचा संभव असतो, म्हणून यंत्र मधेच बदलू नये आणि कोणते वापरतो ते डॉक्टरांना सांगावे. निरोगी मांजराची साखर साधारण 80 ते 120 असते, तर सुमारे 250 ते 300 च्या वर गेल्यावर ती लघवीत उतरू लागते.

इन्सुलिन विकत घेताना डोळ्यांत तेल घालून पाहा. आपल्याकडे 40 युनिटांची आणि 100 युनिटांची अशी दोन बळांची इन्सुलिने मिळतात, आणि सिरिंजाही त्या त्या हिशेबाच्या निराळ्या. 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. दुकानात ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ एवढेच सांगितलेस तर हाती कोणती पडेल याचा नेम नाही, आणि 100 चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजेत त्याच रेघेपर्यंत भरले तर मात्रा अडीचपट जाते. बाटली फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. खाणे चालू असताना कुशीची सैल कातडी चिमटीत धरून टोचावे, जागा रोज बदलावी. वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकू नकोस. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात दे, कचरा वेचणाऱ्याचे हातही कोणाच्या तरी घरचे असतात.

प्रारंभी मात्रा लहान, बहुधा दर वेळी एक युनिट असते. आठवडा झाला, आकडा उतरला नाही, म्हणून स्वतःच्या अखत्यारीत ती वाढवू नकोस. चढलेली साखर दिवसेंदिवस अपाय करते, परंतु उतरलेली साखर तासाभरात जीव घेते. पाय लटपटणे, डोके एका बाजूस कलणे, हाक मारूनही ओळख न देणे, आकडी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी मध किंवा साखरेचा दाट पाक बोटाने हिरड्यांना चोळावा, घशात ओतू नये, आणि तडक दवाखाना गाठावा. त्याने खाल्ले नसेल, किंवा आकडा डॉक्टरांनी ठरविलेल्या मर्यादेखाली असेल, तर विचारल्यावाचून टोचू नये. उलट्या, अन्नावर अजिबात वासना नाही, अंग टाकलेले, असे दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आहाराचा प्रश्न तुझ्या घरी नाजूक आहे. दूधभात आणि पोळीचा कुस्करा यांवर मांजर वाढवावयाची आपली रीत जुनी, परंतु निसर्गाने मांजराला निखळ मांसाहारी निर्मिले आहे. गोड चव जाणणाऱ्या जनुकाचाच त्याच्यात लोप झाला असल्याचे 2005 साली दिसून आले, म्हणजे पिष्टाचा त्याला ना स्वाद, ना गरज. कोरड्या दाण्यांतही पिष्ट पुष्कळच असते. म्हणून कमी पिष्टाचे, भरपूर प्रथिनांचे ओले खाद्य द्यावे. नुसती उकडलेली कोंबडीही पुरी पडत नाही, कारण टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातून न मिळाल्यास मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. सासूबाईंच्या सोवळ्याला बाध न येईल अशी गॅलरीत निराळी तजवीज कर. खाणे बदलताना डॉक्टरांना कळव, कारण पिष्ट कमी होताच साखर झपाट्याने उतरू शकते. आणि लठ्ठ आहे म्हणून त्याला एकादशी घडवू नकोस. आपल्या वैद्यकात लंघनाची महती असेल, परंतु लठ्ठ मांजर उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून प्राणावर बेतते.

‘मांजरापायी एवढा खटाटोप कशाला?’ असे शेजारीपाजारी म्हणतील. त्यांना इतिहास सांग. 1889 साली मिंकोव्स्की आणि मेरिंग यांनी स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याच्या लघवीत साखर पाहिली, तेव्हा या रोगाचे मूळ कोठे आहे ते कळले. 1921 साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन हाती आणले, आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते टोचले गेले. पुढे 1982 साली जंतूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्याची विद्या बाजारात येईपर्यंत जगातील मधुमेही माणसे कत्तलखान्यातील गाईडुकरांच्या स्वादुपिंडावर जगली. आपल्या घराण्यातीलही काही जण त्यांत होते. त्या खात्यावर जमेची बाजू सारी आपली आणि नावेची सारी जनावरांची आहे. एका बोक्याला रोज दोन वेळा टोचून ते ऋण फिटणार नाही, पण खटाटोप कोणी कोणासाठी केला याचा हिशेब तरी सरळ होईल.

जावईबापूंनाही टोचावयास शिकव. ज्याने टोचले त्याने त्याच क्षणी वहीत सही करावी, नाहीतर दोघांच्या मायेने दुहेरी मात्रा जावयाची. सुई नीट लागली की औषध केसांतच सांडले अशी शंका आली, तरी पुन्हा टोचू नये. त्या वेळेची मात्रा गेली असे धरून शेऱ्यात तसे लिहावे आणि पुढच्या वेळेची वाट पाहावी.

लवकर सुरुवात झाली आणि साखर नीट आटोक्यात राहिली, तर काही मांजरांचे इन्सुलिन काही आठवड्यांत वा महिन्यांत सुटतेही. तुमच्या बोक्याचे सुटेल असे अभिवचन मी देत नाही. परंतु सुटणार असेल तर ते कोणत्या दिवसापासून कमी करावयाचे, हे डॉक्टर तुझ्या वहीवरूनच ठरवतील. आणि सुटल्यावरही वही बंद करू नकोस, कारण ही व्याधी गेलेल्या घरी परत येऊ शकते, आणि ती परतल्याची पहिली वर्दी पाणी आणि वजन यांच्या रकान्यांतच मिळते. पहिल्या पंधरवड्याची नक्कल मला पाठव.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा
मामा