घरामागचा डोंगर

२०२३ च्या मार्चमध्ये सत्तरीत म्हादई अभयारण्याच्या रानात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी आणून ओतीत होती. ते साऱ्या गोव्याने पाहिले. आमच्या मनात मात्र त्या दिवसांत आमच्या शाळेमागचा डोंगर होता. तो अभयारण्यात मोडत नाही, त्याच्यासाठी कोणी हेलिकॉप्टर धाडणार नाही, आणि त्याच्या पायथ्याशी बावीस घरे आहेत.

डोंगर कोमुनिदादीचा, म्हणजे जुन्या गावकरीचा. आमच्या लहानपणी तो साफ करावा असे कोणी म्हटल्याचे स्मरत नाही, कारण तो साफच असे. पावसाळा सरला की गवत कापले जाई, गुरे चरत, पाला टोपल्याटोपल्यांनी कुळागरात जाई आणि काटक्या चुलीत. आता गोठे रिकामे झाले, घरोघरी गॅस आला. त्यात वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. चुलीच्या धुराने आईचे डोळे कसे चुरचुरत ते आम्ही पाहिले आहे. पण डोंगराला विचारणारे कोणी उरले नाही. पावसाने पुरुषभर गवत वाढते, त्यात रानमोडी माजते आणि माघ-फाल्गुनात सारे वाळून कोळ होते.

'एकदाचे पेटवून मोकळे व्हा' असे सांगणारे शहाणे गावोगाव असतात. रानमोडी जळते खरी, पण मुळातून पुन्हा फुटते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तीच आधी हक्क सांगते.

दोन वर्षांपूर्वी शिगमा आटोपल्यावर एका दुपारी डोंगर पेटलाच. अग्निशमन दलाचा बंब अरुंद वाटेत अडकला. पोरांनी ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग थोपविली. पण ती खरी थांबली ती एका शेजाऱ्याच्या काजूबागेच्या कडेला. काजू वेचणे सोपे जावे म्हणून त्याने झाडांखालचे गवत-पाला आधीच काढून टाकला होता. एवढ्या उघड्या जमिनीपुढे ज्वाळांना खायला काही उरले नाही.

त्यानंतर आम्ही अर्ज केले. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे वाट दाखविली. ते ऐकून वाड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, आग काय हद्द विचारून येते?"

शेवटी लेखी परवानगी मिळाली, पैसे मात्र वाड्यानेच काढले. गेल्या कार्तिकात, रानमोडीला फुले येण्याआधी, घरांच्या मागे एक रुंद पट्टा कापून घेतला. जमीन खरवडू दिली नाही, नाहीतर पहिल्या पावसात माती विहिरींत आली असती. झाडे राखली, फक्त खालच्या फांद्या छाटल्या, म्हणजे गवतातली आग वर चढणार नाही. कापलेले तिथेच ढीग करून ठेवणे म्हणजे सरण रचणेच. ते वाहून नेऊन खड्ड्यात कुजविले.

माथ्यावर अलीकडे बंगले झाले आहेत. चढावरची आग उतारावरच्या आगीहून कितीतरी वेगाने धावते, कारण तिची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. त्या नव्या रहिवाशांना हे कोणी सांगितले आहे की नाही, कोण जाणे. आम्ही एकदा जाऊन आलो, दाराशी पहारेकरी भेटला.

पट्ट्यावर रानमोडी पुन्हा गुडघ्याएवढी झाली आहे. यंदाचे काम कार्तिकातल्या दुसऱ्या रविवारी ठरले आहे. मुलांच्या हाती कोयता देणार नाही. कापणारे मिळाले आहेत, वाहून नेणारे अजून चौघे हवे आहेत.