फडकं जरा बाजूला ठेवा!

नव्या कोऱ्या गाडीवर पहिला ओरखडा कोण पाडतं? रिक्षावाला? पार्किंगमधली क्रिकेट टीम? की दार धाडकन उघडणारे ते सी विंगमधले काका? छे! बहुतेक वेळा तो डिलिव्हरीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, घरातल्याच कुणीतरी पाडलेला असतो. तोही अगदी प्रेमानं, हातात फडकं घेऊन.

आमच्याकडे हे खातं बाबांचं. मागच्या दसऱ्याला घरात पहिली चारचाकी आली. रंग काळा, आणि काळाच हवा हा हट्ट माझा. चहा झाला की बाबा खाली जाणार आणि सुक्या फडक्यानं फटाफट बॉनेट, छप्पर, दारं पुसून येणार. अठरा वर्षं त्यांनी बजाज चेतक अशीच चमकवली होती. ‘रोज हात फिरला की गाडी टिकते,’ हा त्यांचा फंडा. आणि स्कूटरच्या जमान्यात तो चुकीचा नव्हताच. जुन्या गाड्यांवर बहुतेक वेळा थेट रंगाचाच थर असायचा. घासलं की वरचा थोडा रंग फडक्याला लागायचा आणि खालचा ताजा रंग चमकायचा.

आजच्या गाडीचा मामला वेगळा आहे. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा एक केससुद्धा यापेक्षा जाड असू शकतो, बोला! आपल्याला दिसते ती चकाकी या एवढ्याशा थराची असते. ओरखडे घालवायला मशीनवर पॉलिश करतात तेव्हा यातलेच दोन-चार मायक्रॉन खरवडून निघतात. म्हणजे ही लक्झरी मोजून चार वेळा परवडणारी. तो थर परत उगवत नाही.

आता आपल्या पुण्याची धूळ बघा. वाकड, बाणेर, खराडी... कुठेही जा, शेजारी एक टॉवर उभा राहतोच आहे. म्हणजे गाडीवर बसते ती साधीसुधी धूळ नसते, त्यात दगडाची कच असते आणि सिमेंट असतं. पहाटेचं दव पडलं की हे सिमेंट चिकटून बसतं. त्यावर सुकं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. सिग्नलवर विकायला येणारं पिवळं फडकं काय, किंवा ते झुपकेदार डस्टर काय, फार फरक नाही. कच ओढली जाणारच. धुळकट गाडीवर कव्हर घातलं तर तेही तसंच. वारा आला की कव्हर हलतं आणि घासत बसतं.

विश्वास बसत नसेल तर रात्री पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर मारा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतील. गंमत म्हणजे त्या गोल नसतातच. ओरखडे वाट्टेल त्या दिशेनं गेलेले असतात. त्यातले जे उजेडाला आडवे, तेवढेच चमकतात आणि आपल्याला गोल भासतात. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाड्या हे लपवतात. काळी मात्र सगळी पोल खोलते.

बाबांना हा टॉर्चचा प्रयोग दाखवला. ते दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे मी पुसायचीच नाही का?’ हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो, पण रिटायर्ड माणसाच्या सकाळीतला अर्धा तास काढून घेणं सोपं नसतं हो! म्हणून आम्ही बंद काहीच केलं नाही, फक्त खातेबदल केला. आता त्यांच्याकडे पाण्याची स्प्रे बाटली आणि मऊ मायक्रोफायबर आहे, आणि मोहीम आहे कबुतरांच्या विरोधात. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते. उन्हात क्लिअर कोट तापून जरा मऊ होतो, विष्ठा वाळून घट्ट होते आणि तिथे कायमचा डाग कोरला जातो. तेव्हा ती दिसल्याबरोबर भिजवायची, मिनिटभर थांबायचं आणि न घासता उचलायची. बाबा हे काम लष्करी शिस्तीत करतात.

बरं, धुवायची कशी? सावलीत, बॉनेट गार असताना. आधी नुसतं पाणी सोडून कच वाहून जाऊ द्या, ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवर फिरलं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मगच शाम्पूत. वरून खाली यायचं, हात सरळ रेषेत. चाकांचं फडकं वेगळं. खाली पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, त्याचं प्रमोशन थेट टायरवर! शाम्पू गाडीचाच घ्या. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वॅक्स धुऊन काढतो. आणि शेवटी गाडी टिपून कोरडी करा, कारण बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे थेंब जागेवर वाळले की पांढरे ठिपके पडतात आणि हटता हटत नाहीत.

पाईप सोडून तासभर धुवा असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या जलमंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घालून ५ हजार रुपये दंड ठेवला होता. उन्हाळ्यात आपल्याकडेही टँकरच्या रांगा लागतातच की. दोन बादल्यांत छोटी गाडी आरामात होते.

आता येऊ या शोरूमच्या लाडक्या विषयाकडे. ‘मॅडम, सिरॅमिक कोटिंग करून टाका, ईएमआयमध्ये अॅडजस्ट करू!’ मला आकडा सांगितला २४ हजार. सोबत ‘नाइन-एच हार्डनेस’चा मंत्र. ऐकून हिरा वगैरे आठवतो, पण हा आकडा पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचा आहे. कोटिंग चांगलं केलं तर पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, हे खरं. पण हायवेवरचा खडा ते अडवत नाही आणि सुक्या फडक्याचे ओरखडेही थांबवत नाही. शिवाय यार्डात उभी असलेली गाडी डिलिव्हरीआधी घाईत पुसलेली असेल, तर ते ओरखडे कोटिंगखाली छान पॅक होतात. टेफ्लॉनचंही तेच. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, भांड्यांवर बसवायला त्याहून जास्त तापवतात. गाडीला कोण तापवणार तेवढं? मी २४ हजार वाचवले आणि साध्या वॅक्सचा डबा आणला. दर दोनेक महिन्यांनी लावते. नव्या गाडीला तीन महिने वॅक्स नको म्हणतात, ते रीपेंट केलेल्या गाडीपुरतं. कारखान्यातला रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजून पक्का झालेला असतो.

पूजेचं कुंकू-हळदीचं स्वस्तिकही दुसऱ्या दिवशी पाणी सोडून काढा, वाळलेलं खरवडू नका. आईची परवानगी घेऊन!

राहता राहिले आमच्या सोसायटीचे मामा. सकाळी सहा ते नऊ, तीस गाड्या, एकच बादली. म्हणजे गाडीमागे सहा मिनिटं. पाचव्या गाडीला ते पाणी चिखलच असणार. आम्ही त्यांना आमची वेगळी बादली आणि चार फडकी दिली, आणि म्हटलं, रोज नको, आठवड्यातून दोनदा, पण नीट. पैसे तेवढेच, ६०० रुपये. मामा हसले. ‘ताई, मला काय, बरंच आहे. पण रोज फडकं मारलेलं दिसलं नाही तर लोक म्हणतात, फुकट पैसे घेतो. बाकीच्यांना तुम्हीच सांगा.’

सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्ठा मेसेज टाकला, टॉर्चच्या फोटोसकट. तिघांनी अंगठे दाखवले. चौथ्याचा प्रश्न आला, ‘दोनच दिवस पुसणार असतील तर पैसेही कमी करायचे ना?’ सध्या त्याला ‘नाही’ म्हणणारी मी एकटीच आहे. बाकीच्यांच्या नुसत्या निळ्या टिका.